पहिल्या पावसाला फुटलेले बी जुलैपर्यंत दिसेनासे का होते: विदर्भाच्या पानगळीच्या जंगलातील उगवणीची तपासणी

जुलैच्या मध्यावर विदर्भातल्या वनहक्काच्या गावांत, रोपवाटिकांत आणि वृक्षलागवड करणाऱ्या मंडळींच्या बैठकांत एक तक्रार हमखास कानांवर येते: बी चांगले होते, टोकण वेळेवर केली, पाऊसही पडला, पण बी उगवले नाही. पुढच्या वर्षी बी दुसरीकडून आणले जाते, टोकणीची जागा बदलली जाते, आणि तरीही जुलैमध्ये तीच तक्रार परत येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात बियांची टोकण आणि तिच्या जोडीला एक लहान रोपवाटिका मी गेली बारा वर्षे सांभाळत आहे. यातली पहिली पाच वर्षे मीसुद्धा हीच तक्रार करत होतो.

ती तक्रार चुकीच्या शब्दांत मांडली जात होती, हे मला एका जूनच्या अखेरीस कळले. मृगाच्या दोन चांगल्या सरी झाल्या होत्या, त्यानंतर आभाळ उघडले होते आणि पारा पुन्हा चाळिशीवर गेला होता. पहिल्या पावसानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पळसाच्या टोकणीच्या जागा काडीने उकरून पाहिल्या. बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पळसाचे चपटे, तांबूस तपकिरी बी सापडले. त्याचे टरफल एका कडेला उकलले होते, त्यातून दीड इंच लांबीचे मूळ बाहेर आले होते, आणि त्या मुळाचे टोक काळे पडून सुतळीच्या धाग्यासारखे वाळले होते. त्या दिवशी उकरलेल्या चाळीस जागांपैकी निम्म्याहून अधिक जागी हेच चित्र होते. बी उगवले होते. जमिनीवर हिरवे काही दिसण्यापूर्वीच, मातीच्या आत, ते मरून गेले होते.

हा फरक शब्दांपुरता नाही, कारण दोन्ही दुखण्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बी उगवत नसेल तर ते भिजवावे, कवच घासावे, त्याला घाई करायला लावावी, हे सर्वांना ठाऊक असते. पण जे बी आधीच घाईने फुटून मरते आहे, त्याला आणखी भिजवून लावणे म्हणजे त्याच्या मरणाची तारीख अलीकडे आणणे होय. उगवण वाढावी म्हणून आम्ही पळसाचे बी रात्रभर पाण्यात ठेवून लावत होतो, आणि दरवर्षी नुकसान आमच्याच हातांनी वाढवत होतो.

हवामानात काय बदलले

कोरड्या पानगळीच्या जंगलातले झाड बहुतेक वेळा उन्हाळ्यात बी टाकते आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते रुजावे अशी त्याची घडण असते. बी फुटण्यासाठी वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीत काही दिवस ओल टिकली तरी पुरते. पण फुटलेले रोप जगण्यासाठी पुढचे तीन-चार आठवडे ओल सलग मिळावी लागते, कारण तेवढ्या काळात मूळ खालच्या ओलीपर्यंत पोहोचते. शेकडो वर्षे या दोन गोष्टी साधारणपणे एकामागोमाग येत होत्या. बदल झाला आहे तो नेमका या जोडणीत.

केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामान बदलाच्या मूल्यमापनानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि १९८१ ते २०११ या काळात पावसातले कोरडे खंड १९५१ ते १९८० च्या तुलनेत २७ टक्के जास्त वेळा आले. दुसऱ्या बाजूला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस फार बदलला नाही असे वाटले, तरी तो येण्याची रीत बदलली आहे: कमी दिवसांत जास्त, आणि मध्ये लांब उघडीप.

२०२३ हे वर्ष आमच्याकडच्या प्रत्येकाला आठवत असेल. त्या वर्षी उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, मोसमी पाऊस विदर्भात जूनचा तिसरा आठवडा उलटल्यावर पोहोचला, जुलैमध्ये यवतमाळसह अनेक ठिकाणी ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आले, आणि त्यानंतर देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. बियाच्या दृष्टीने पाहिले तर अकाली ओल, उशिराचा पाऊस, वाहून नेणारे पाणी आणि वाढत्या रोपाच्या तोंडचे पाणी पळवणारा खंड, ही चारही संकटे एकाच हंगामात आली.

शेतकऱ्याला हे दुखणे दुबार पेरणीच्या नावाने ओळखीचे आहे. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. जंगलात पडलेल्या बियाला हा सल्ला देणारे कोणी नसते, आणि एखाद्या झाडाचे वर्षाचे बी एकदा फुकट गेले की त्या झाडाखाली दुबार पेरणी होत नाही. टोकण करणारी माणसे मात्र हा सल्ला पाळू शकतात, आणि आश्चर्य हे की सोयाबीन-कापसासाठी तो काटेकोरपणे पाळणारी आमची माणसेच जंगलातली टोकण पहिल्या सरीला उरकून मोकळी होतात.

आधी निदान: बी मेलेले, झोपलेले की फुटून गेलेले

उपाय करण्यापूर्वी एवढे एक काम केलेच पाहिजे. टोकणीच्या दिवशी त्याच बियाच्या ढिगातून न निवडता १०० बिया घ्याव्यात आणि टोकणीच्याच जागी, तशाच मातीत, २५-२५ च्या चार ओळींत लावून प्रत्येक बियाजवळ बांबूची बारीक काडी रोवावी. त्याच दिवशी आणखी १०० बिया घरी ओल्या गोणपाटात किंवा जाड कागदाच्या घडीत गुंडाळून सावलीत ठेवाव्यात आणि रोज पाणी शिंपडावे. जंगलात आणि घरात एकाच वेळी केलेली ही दोन मोजमापे शेजारी ठेवली की उत्तर समोर येते.

घरातही फुटले नाही आणि कापून पाहिल्यावर गर पिवळट, मऊ, कुजका किंवा आक्रसलेला दिसला, तर बी लावण्याआधीच मेलेले होते. घरात फुटले नाही, पण कापल्यावर गर पांढरा, घट्ट आणि टवटवीत निघाला, तर बी झोपलेले आहे. घरात चांगले फुटले आणि जंगलात काडीजवळ काहीच दिसत नाही, तर उकरून पाहावे; बहुतेक वेळा वाळलेले मूळ, कुरतडलेले टरफल किंवा बुरशीचा पांढरा धागा सापडेल. उकरण्याचे काम सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी, दर खेपेला एका ओळीतील काही बियांपुरते करावे. महिनाभराने उकरले तर पुरावा मातीत मिसळून गेलेला असतो आणि मग पुन्हा "उगवलेच नाही" अशी नोंद होते.

याच्या जोडीला जागेवरचा पाऊस मोजलाच पाहिजे. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा उपयोगाचा असतो, परंतु दोन टेकड्यांच्या अंतरावर पाऊस निम्मा होतो, हे जंगलात फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. साधा पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून त्यातले पाणी रोज सकाळी पट्टीने मोजले तरी चालते. पावसाच्या नोंदीत सलग किती दिवस कोरडे गेले, हा रकाना एकूण पावसाच्या रकान्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

बी आधीच मेलेले असेल तर

यात सर्वांत जास्त गफलत मोहाच्या बाबतीत होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. मोहाचे टोळ, म्हणजे त्याची फळे, साधारण जून-जुलैमध्ये पडतात. त्यातले बी ओलावा धरून असते आणि ओलावा गेला की मरते. खैराचे किंवा बाभळीचे बी वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येते, मोहाचे येत नाही; बीजशास्त्रात या दोन स्वभावांची विभागणी १९७३ पासून रूढ आहे. गावात मात्र टोळ फोडून बी अंगणात कडक उन्हात वाळत घालण्याची पद्धत आहे, कारण तेलासाठी ते वाळलेलेच लागते. तेच वाळलेले बी नंतर "बियाणे" म्हणून टोकणीला येते, आणि त्यातून एकही रोप मिळत नाही. तेलाचे बी आणि लावायचे बी ही पडलेल्या फळापासूनच वेगळी करायला हवीत.

हवामानातल्या बदलाचा फटका मोहाला नेमका इथेच बसतो. टोळ पडण्याची वेळ आणि पाऊस स्थिरावण्याची वेळ जुळून येणे, हाच या झाडाचा सगळा हिशेब आहे. पाऊस दोन-तीन आठवडे उशिरा आला आणि टोळ तापलेल्या, उघड्या मुरमावर पडून राहिले, तर अंगणात वाळवण्याचे काम जंगल स्वतःच करून टाकते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या साल वृक्षाची स्थिती तर आणखी नाजूक आहे, कारण त्याचे बी पडल्यावर जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. कडुनिंबाचे बीही काही आठवड्यांतच जीव सोडते.

उपाय असा. पिकलेले टोळ सकाळी, जमीन तापण्याआधी वेचावेत, गर त्याच दिवशी काढावा, बी पाण्याने धुऊन सावलीत फक्त वरचे पाणी निथळू द्यावे आणि आठवडाभरात लावावे. पाऊस लांबला असेल तर मडक्यात किंवा बांबूच्या टोपलीत ओलसर वाळूचा थर, बियांचा थर, पुन्हा वाळूचा थर अशा रीतीने सावलीत ठेवावे. वाळू मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी, पण पाणी सुटू नये. तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घुसमटते आणि बुरशी धरते. वाळूत मोड दिसू लागला तर ते बी ताबडतोब पिशवीत लावून रोपवाटिकेत न्यावे.

वाळवून ठेवता येणाऱ्या बियांचे मरण वेगळ्या ठिकाणी होते, आणि ती जागा म्हणजे टिनाच्या पत्र्याची खोली. खैर, ऐन, बिजा यांचे बी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गोळा होते आणि जूनपर्यंत कुठेतरी ठेवावे लागते. साठवणुकीच्या एका जुन्या नियमानुसार अशा बियाचे तापमान दर ५ अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि ओलावा दर १ टक्क्याने उतरला तरी तसेच होते. आता चंद्रपुरातल्या मे महिन्याची दुपार डोळ्यांसमोर आणावी. बाहेर ४५-४६ अंश असताना पत्र्याखालच्या पोत्यात काय घडत असेल, हे सांगायला नको. त्यात अवकाळी पावसाने पोते एकदा ओले झाले की उष्णता आणि ओल एकत्र येतात. आम्ही आता बी सावलीत नीट वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून, मातीच्या घराच्या आतल्या खोलीत मडक्यांमध्ये ठेवतो. खर्च काही येत नाही, आणि घरच्या चाचणीत फुटणाऱ्या बियांची संख्या लगेच वाढलेली दिसली.

बी झोपलेले असेल तर

साग याचे ठळक उदाहरण आहे. आपण ज्याला सागाचे बी म्हणतो ते खरे पाहता फळ असते. त्याभोवतीचा कागदी फुगा चोळून काढला की आत मऊ लवेचे आवरण आणि त्याखाली दगडासारखी कठीण आठळी मिळते. अडकित्त्याने ती आडवी फोडली तर मध्ये चार कप्पे दिसतात. चारही भरलेले असतील असे नाही; कधी एकात बी असते, कधी दोनांत, आणि कधी चारही कप्पे रिकामे निघतात. म्हणून सागाची उगवण कमी दिसली की आधी वीस-पंचवीस आठळ्या फोडून भरलेले कप्पे मोजावेत. रिकाम्या आठळीवर कोणतीही प्रक्रिया उपयोगी पडत नाही.

भरलेली आठळी जागी करण्यासाठी रात्री पाण्यात आणि दिवसा कडक उन्हात, असा क्रम दहा ते चौदा दिवस चालवतात. वळवाचे पाऊस आणि मधले ऊन हेच काम निसर्गात करतात. ताज्या सागापेक्षा वर्षभर ठेवलेला साग चांगला फुटतो, हेही रोपवाटिकेतल्या जुन्या माणसांना माहीत असते. प्रक्रियेनंतरही साग एकदम फुटत नाही; दहाव्या दिवसापासून सुरू होऊन तो दीड महिनाभर फुटत राहतो, त्यामुळे पंधराव्या दिवशी निराश होऊन वाफा मोडू नये.

बहाव्यासारख्या कठीण कवचाच्या बियांत पाणीच शिरत नाही. टोकाच्या उलट बाजूला नखकातरीने बारीक खाच पाडली, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून ते पाणी निवेपर्यंत ठेवले, की रात्रीतून ते फुगते. पण हा उपाय रोपवाटिकेसाठीच करावा, आणि असे सांगण्यामागे कारण आहे. जंगलात अशा बियांपैकी थोड्या बिया दरवर्षी जाग्या होतात आणि बाकीच्या मातीत पुढच्या वर्षांसाठी राहतात. एखादा जून फसला तरी शिल्लक असते. त्या जाग्या होतात उन्हाळ्यातल्या दिवस-रात्रीच्या तापमानाच्या चढउताराने. झाडोरा तुटून आणि वणव्याने पाचोळा जळून जमीन उघडी पडली की मे महिन्यातल्या दुपारी तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि मग जास्त बिया एकाच उन्हाळ्यात जाग्या होऊन पहिल्याच पावसाला फुटण्याची शक्यता वाढते. अनेक वर्षांची शिल्लक एका जूनमध्ये खर्च होते. टोकणीसाठी सगळे बी खाचा पाडून लावणारा माणूसही नकळत तेच करतो. आम्ही टोकणीच्या बियांपैकी अर्ध्याच बियांवर प्रक्रिया करतो आणि उरलेल्या तशाच लावतो.

बी फुटून मरत असेल तर

आमच्या अनुभवात सर्वाधिक नुकसान याच प्रकारात होते, आणि खैर व पळस त्यात पुढे असतात. खैराला आठवडाही लागत नाही. चार-पाच दिवसांत तो फुटतो. मृगाची जोरदार सर, मग दहा-बारा दिवस उघडीप, एवढे त्याला संपवायला पुरते.

यावर आम्ही केलेला पहिला बदल म्हणजे टोकण एका दिवसात संपवणे बंद केले. एकूण बियांचे तीन वाटे करतो. जागेवरच्या डब्यात बेरीज ७५ मिलिमीटरच्या पुढे गेली आणि वीतभर खोल उकरल्यावर ओली माती लागली, की पहिला वाटा लावतो. हे बहुधा आर्द्रा नक्षत्रात जमते. दुसरा वाटा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आणि तिसरा पुनर्वसूत लावतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र टोकण करू नये, कारण उशिरा उगवलेल्या रोपाचे मूळ पाऊस संपेपर्यंत पुरेसे खोल जात नाही, आणि या जंगलात उन्हाळा पार करण्याचा निकाल मुळाच्या लांबीवरच लागतो. तीन वाट्यांपैकी एखादा वाटा जवळजवळ दरवर्षी फुकट जातो. ते आम्ही गृहीत धरले आहे.

दुसरा बदल खोलीचा. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल लावावे हा सर्वसाधारण नियम योग्य आहे, परंतु पळस, बेहडा, मोह यांसारखे मोठे बी दोन-तीन सेंटिमीटर खोल गेल्यास वरच्या मातीच्या भुरभुर ओलीवर ते फसत नाही. खैरासारख्या बारीक बियाला मात्र एवढी खोली सोसत नाही, तिथे माती कमी आणि आच्छादन जास्त हवे.

तिसरी गोष्ट आच्छादनाची. एकाच उतारावर, एकाच दिवशी, अर्ध्या जागा उघड्या आणि अर्ध्या जागा कोरड्या पाचोळ्याच्या बोटभर थराखाली ठेवून पाहिल्या, तर चार दिवसांच्या उघडीपीनंतर हाताला लागणारा फरक कोणत्याही उपकरणाशिवाय कळतो: उघडी माती चिमटीत पूड होते, पाचोळ्याखालची माती बोटाला चिकटते. थर मात्र फार जाड नसावा, नाहीतर बारीक रोपाचा कोंब पाचोळ्यातच अडकतो आणि मूळ मातीला लागत नाही. टोकण शक्यतो झुडपाच्या पूर्वेच्या बाजूला करावी, म्हणजे दुपारचे ऊन टळते. घाणेरीच्या गर्द जाळीत ती करू नये, तिथे रोप सावलीनेच खुरटते.

आणि ज्या झाडांचे बी घाईने फुटते, ते भिजवून लावू नये. कोरडे बी स्वतः पाऊस जोखते. भिजवलेल्या बियाचा तो निर्णय आपण घेऊन टाकलेला असतो.

या ठिकाणी बीजगोळ्यांविषयी, म्हणजे आत बी घालून वळलेल्या मातीच्या गोळ्यांविषयी, लिहिणे आवश्यक वाटते, कारण उन्हाळ्यात शाळा आणि मंडळे मोठ्या मायेने हजारो गोळे बनवतात आणि त्या श्रमांचे चीज व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. उघड्या मुरमाड उतारावर नुसता फेकलेला गोळा एका सरीत ओला होतो, आतले बी फुटते, आणि मूळ खालच्या जमिनीत शिरण्याआधी गोळा वाळून विटेसारखा होतो. तोच गोळा जूनअखेर, समतल चराच्या (उताराला आडव्या खणलेल्या चराच्या) कडेला, अर्धा मातीत दाबून वर पाचोळा ठेवला, तर त्याला संधी मिळते. मोहाचे आणि कडुनिंबाचे बी मार्च-एप्रिलमध्ये केलेल्या गोळ्यात घालू नये. ते मागच्या वर्षीचे असते आणि मेलेले असते.

अतिवृष्टीचे नुकसान ओळखायला सोपे आहे. काड्या जागेवर असतात आणि बी नसते, किंवा बियावर दोन इंच गाळ साचून वर कडक पापुद्रा धरलेला असतो. उतारावर चराच्या तळाशी टोकण केल्यास बी गाळात गाडले जाते, म्हणून चराच्या खालच्या बाजूच्या मातीच्या बांधावर, मध्यापासून जरा वर लावावे. रोपवाटिकेत सलग झडीनंतर रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडत असतील, तर तो मर हा बुरशीचा रोग आहे. वाफे उंच करावेत, रोपांची दाटी विरळ करावी आणि शेणखत कच्चे वापरू नये.

प्रत्येक अपयश हवामानाच्या खाती टाकणे बरोबर नाही, हेही लिहिले पाहिजे. चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडाखाली रोपे दिसत नाहीत त्याचे कारण अनेकदा एवढेच असते की चारोळीसाठी फळे पिकण्याआधीच फांद्यांसकट उतरवली गेली आणि जमिनीवर बी पडलेच नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग पुढे पसरते आणि आच्छादन, बी व आदल्या वर्षीची रोपे एकत्र संपवते. उष्ण होत चाललेल्या उन्हाळ्यात तीच आग पूर्वीपेक्षा लवकर पसरते, त्यामुळे झाडाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे किंवा जाळी पसरणे, हा उगवणीचाही उपाय ठरतो. आमच्या ग्रामसभेने काही मोहांखाली तसे सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी तिथे मोहाची रोपे दिसू लागली.

शेवटची तपासणी जानेवारीत करावी. तोपर्यंत अनेक रोपांचा शेंडा वाळलेला असतो आणि मोजणी करणारा त्यांना मेलेली म्हणून लिहितो. तेंदू, मोह, बिजा यांची रोपे सुरुवातीची काही वर्षे उन्हाळ्यात वरून वाळतात आणि पावसाळ्यात मुळाच्या माथ्यावरून पुन्हा फुटतात. ही त्यांची जगण्याची रीतच आहे. वाळलेल्या काडीच्या बुडाशी माती थोडी बाजूला करावी आणि साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवा किंवा ओलसर पांढरा रंग दिसला, तर त्या काडीजवळ चुन्याचा ठिपका द्यावा, माती पुन्हा सारून त्यावर मूठभर पाचोळा ठेवावा, आणि नोंदवहीत ते रोप जिवंत म्हणून लिहावे.